ज्वालामुखीच्या तोंडावर रडारची नजर



आपल्या करमाळा तालुक्यात विहीर खणायला घेतली म्हणजे काय काय लागते, हे आपणांस सांगायला नकोच. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग हाताने ठिसूळ लागणारा, पांढऱ्या खड्यांचा मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण. कधी कधी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा तांबडा पट्टाही लागतो. हे थर म्हणजे एकावर एक पसरून थिजलेले लाव्हारसाचे लोंढे होत. एक लोंढा थिजला, त्याच्या पाठीवर ऊनपावसाने झिजून माती झाली, आणि मग दुसरा लोंढा येऊन त्या मातीवर पसरला. तांबडा पट्टा म्हणजे ती मधली, दुसऱ्या लोंढ्याखाली भाजून निघालेली माती.

हा सारा प्रकार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी घडला. डोंगराच्या शेंड्यातून धूर ओकणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो, तसा हा नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन पाण्यासारखा पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा खडक पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. त्याच खडकाची झीज होऊन आपली काळी जमीन तयार झाली. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात पाय अडकेल अशी भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी, आणि म्हणूनच एका पावसाच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकवून देणारी ही जमीन ज्वालामुखीची लेक आहे.

हे सांगितले की शिवारफेरीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, मग तो ज्वालामुखी पुन्हा जागा व्हायचा का?"

आपल्या भागापुरते उत्तर सोपे आहे. दख्खनचे हे अग्नितांडव केव्हाच शांत झाले आहे, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहून पुष्कळांना ते ज्वालामुखीचे तोंड वाटते. पूर्वी जाणकारांचाही तसाच समज होता. परंतु सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आकाशातून कोसळलेल्या अशनीच्या आघाताने झाले, हे तिथल्या खडकांच्या तपासणीवरून सिद्ध झाले आहे.

भारताच्या हद्दीत जागा असलेला ज्वालामुखी एकच. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटरवर 'बॅरन' नावाचे निर्मनुष्य बेट आहे. तेथील उद्रेकाची नोंद १७८७ सालापासून सापडते. पुढे दीडशेहून अधिक वर्षे तो निजलेला होता आणि १९९१ साली अचानक जागा झाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ २०१७ च्या जानेवारीत त्या बाजूला बोटीवर काम करीत होते. दिवसा त्यांना राखेचे लोट दिसले आणि अंधार पडल्यावर तोंडातून उडणारी तांबडी कारंजी. बेटावर वस्ती नाही म्हणून बरे. जगात मात्र असे कितीतरी ज्वालामुखी आहेत की ज्यांच्या अंगाखांद्यावर शेती आहे, गोठे आहेत, शाळा आहेत. कारण राख जुनी झाली की तिच्यासारखी कसदार जमीन नाही. तिथला शेतकरी हट्टाने तिथेच राहतो, जसे आपण पुराची भीती असूनही नदीकाठची मळई सोडत नाही.

तोंडाकडे का पाहायचे?

ज्वालामुखी एकाएकी फुटतो असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो आधी काही खुणा देतो. खोलातला शिलारस वर सरकू लागला की जमीन हळूहळू फुगते. तव्यावर भाकरीला पदर सुटून ती वर येते ना, तसे. आतली वाफ निघून गेली की भाकरी बसते. त्याप्रमाणे शिलारस बाजूला निघून गेला की डोंगराचा माथा खचतो. कधी तोंडात घट्ट लाव्ह्याचा उंचवटा वाढत जातो आणि बाटलीला बूच बसावे तसे तोंड बंद होते. मग आत दाब साठतो. विवर रुंद झाले, तळ खाली गेला, कडा एका बाजूला सरकली, तर त्यावरून पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो.

परंतु पाहायचे कसे? ऐन धोक्याच्या वेळी माणसाला जवळ जाता येत नाही. वर धूर, वाफ, राख आणि ढग यांचे पांघरूण असते. रात्रीचा प्रश्न वेगळाच. साध्या कॅमेऱ्याला तेथे काहीच दिसत नाही. अशा वेळी रडार उपयोगी पडते.

रडार म्हणजे काय?

डोंगराकडे तोंड करून हाळी दिली तर थोड्या वेळाने प्रतिसाद येतो. डोंगर जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. रडार हेच काम रेडिओच्या जातीच्या लहरींनी करते. विमानाच्या पोटाखाली बसवलेले यंत्र बाजूच्या जमिनीकडे लहरी सोडते आणि परत आलेले प्रतिध्वनी टिपते. या लहरींना सूर्यप्रकाश लागत नाही. ढग, धूर, राख यांतून त्या आरपार जातात. म्हणून अमावास्येच्या रात्री, भर ढगातही रडारला खालची जमीन दिसते.

यात एक मोठी युक्ती आहे. दूरवरून बारकावे दिसायला रडारची अँटेना फार मोठी लागते, आणि तेवढी विमानावर मावत नाही. म्हणून विमान पुढे सरकत असताना जागोजागी टिपलेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र जोडतात. मग लहान अँटेनाही जणू काही शेकडो मीटर लांब असल्याप्रमाणे काम देते.

दुसरी युक्ती याहून नामी आहे. आज एका वाटेवरून विमान गेले, आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी बरोबर त्याच वाटेने पुन्हा गेले, तर दोन्ही वेळच्या लहरी एकमेकींशी ताडून पाहता येतात. दरम्यान जमीन एखाद-दोन सेंटिमीटर जरी वर-खाली झाली असली तरी लहरींचा मेळ चुकतो आणि फरक उघडा पडतो. यासाठी विमानाला आपली जुनी वाट काटेकोर धरावी लागते. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे असे एक विमान सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून उडते आणि त्यातील यंत्रणा त्याला आधीच्या वाटेपासून पाच-दहा मीटरांपलीकडे भटकू देत नाही. बारा किलोमीटर उंचीवर, वाऱ्यात, हे केवढे कसब आहे ते ध्यानात घ्या. पेरणीचे तास सरळ धरणाऱ्यालाच त्याची खरी किंमत कळेल. या रडारच्या लहरीची लांबी सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर असते. म्हणून ती झाडोऱ्याच्या पानांतूनही बऱ्याच प्रमाणात खाली पोचते.

विवर पाहताना एक अडचण येते. रात्री विहिरीच्या काठावर उभे राहून तिरपी बॅटरी मारली तर समोरचा काठ उजळतो, पण आपल्या पायाखालचा काठ अंधारात राहतो. रडारही तिरपेच पाहते, त्यामुळे विवराची अलीकडची कडा सावलीत जाते. यावर उपाय म्हणजे विमान एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने न्यायचे.

उपग्रहावरही रडार असते, मग विमान कशाला, असे कोणी विचारील. उपग्रह हा कालव्याच्या पाळीसारखा आहे. त्याची पाळी ठरलेली, ती आली की तो येणार. विमान म्हणजे आपल्या विहिरीवरची मोटर. गरज पडेल तेव्हा चालू करावी आणि हवे तिकडे पाणी फिरवावे. पण तिला खर्च जास्त आणि तिचा पल्ला थोडा. दोहोंची जोड असली म्हणजे काम नीट होते.

बर्फाखालची तीन तोंडे

२०१० च्या एप्रिल महिन्यात युरोपच्या उत्तरेकडील आइसलँड बेटावर एक ज्वालामुखी बर्फाच्या थराखाली फुटला. त्याचे नाव एयाफ्यातलायोकुत्ल. राखेच्या ढगाने माथा झाकून टाकला आणि खाली काय चालले आहे ते कोणाला दिसेना. तेव्हा तेथील तटरक्षक दलाचे रडार असलेले विमान त्या बाजूने फिरले. ढगाखाली बर्फ वितळून पडलेली तीन विवरे त्याच्या चित्रात स्वच्छ दिसली. पुढील फेऱ्यांत ती कशी वाढत आहेत तेही कळले.

याला महत्त्व होते, कारण वितळलेल्या बर्फाचे पाणी लोंढ्याने खालच्या शेतांवर येत होते. काही शे लोकांना घरे सोडावी लागली. मोठा पूल वाहून जाऊ नये म्हणून तेथील लोकांनी यंत्रे लावून भराव्याचा रस्ताच मुद्दाम फोडला आणि पाण्याला वाट करून दिली. रस्ता गेला, पूल वाचला. राखेमुळे युरोपातील सुमारे एक लाख विमानफेऱ्या रद्द झाल्या. तिकडे आफ्रिकेत केनियातील शेतकऱ्यांची फुले आणि भाजी विमान मिळेना म्हणून वाया गेली. केळी आणि द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दूरदेशीचा डोंगर धुमसला तरी शेतमालाच्या बाजारावर परिणाम होतो.

आइसलँडच्या शेतकऱ्यांनी राख दिसताच जनावरे गोठ्यात बांधली, याला कारण होते. राखेत फ्लोरीन असते. चाऱ्यावर पडलेली राख पोटात गेली की जनावराची हाडे आणि दात बिघडतात. १७८३ साली त्याच देशात लाकी येथे जमिनीला भेगा पडून लाव्हा आला. आपल्या दख्खनसारखाच प्रकार, पण फार लहान. त्यात सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरे-घोडी मेली. पाठोपाठ दुष्काळ पडला आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा वस्ती गेली.

हवाईचा खचलेला माथा

अमेरिकेच्या हवाई बेटावर किलाउआ नावाचा ज्वालामुखी आहे. नासाच्या रडार-विमानाने २०१० आणि २०११ साली त्यावरून फेऱ्या करून जमीन कोठे फुगली आणि कोठे बसली याची मोजणी केली होती. २०१८ च्या मे महिन्यात तेथे मोठा प्रकार घडला. माथ्यावरच्या विवरातील लाव्ह्याचे तळे आटले. आतला शिलारस जमिनीखालून कित्येक किलोमीटर दूर गेला आणि खालच्या वस्तीत भेगा पाडून बाहेर पडला. सातशेहून अधिक घरे लाव्ह्याखाली गेली. आधार गेल्याने माथा मात्र खचत राहिला आणि सुमारे तीन महिन्यांत विवराचा तळ जवळजवळ ५०० मीटर खाली गेला. धरणातले पाणी खालच्या दरवाजाने सोडले की वरचा जलाशय उतरतो, तशातलीच ही गत. त्या वेळी दुसऱ्या प्रकारचे एक रडार विमानात बसवून नेले आणि जमिनीची आधीची व नंतरची उंची ताडून लाव्ह्याचे थर कोठे किती जाडीचे साचले ते मोजले.

गुरांसाठी माघारी फिरणारी माणसे

रडारमुळे माणसे वाचली, याचे मोठे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. जावा बेटावर मेरापी नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर भातशेती आणि दुधाची गुरे पाळणारी दाट वस्ती आहे. २०१० च्या ऑक्टोबरअखेर तो फुटू लागला. माथा ढगात होता. तेव्हा परदेशी रडार-उपग्रहांनी पाठवलेल्या चित्रांत विवरातला लाव्ह्याचा उंचवटा विलक्षण वेगाने वाढताना दिसला. भूकंपयंत्रांच्या नोंदीही तेच सांगत होत्या. तेथील अधिकाऱ्यांनी धोक्याची हद्द १० किलोमीटरवरून १५ आणि नंतर २० किलोमीटरपर्यंत वाढवली. त्याच सुमारास, ५ नोव्हेंबरला, सर्वांत मोठा स्फोट झाला. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली ही दुःखाची गोष्ट आहे, परंतु वेळीच हलवल्याने १० ते २० हजार जीव वाचले असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

यातील एक गोष्ट आपल्याला सहज समजेल. छावणीत नेलेले शेतकरी दिवसा गुपचूप डोंगरावर परत जात. कशासाठी? गोठ्यात राहिलेल्या गायींना वैरण टाकायला आणि धारा काढायला. शेवटी सरकारला त्यांची गुरे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. माणसाला हलवायचे तर त्याच्या दावणीचीही सोय करावी लागते, हे कोणत्याही यंत्राच्या चित्रात दिसत नाही.

इशारा होता, पोचला नाही

आता उलट बाजूचे उदाहरण पाहा. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात आर्मेरो नावाचे सधन गाव होते. भोवती कापूस आणि भात पिके. तेथील सुपीक जमीन मुळात नेवादो देल रुईस या ज्वालामुखीवरून पूर्वी आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने बनलेली. १९८५ साली त्या ज्वालामुखीने वर्षभर खुणा दिल्या. तज्ज्ञांनी धोक्याचा नकाशाही ऑक्टोबरात तयार केला, त्यात आर्मेरो चिखलाच्या वाटेवर असल्याचे दाखवले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. माथ्यावरचे बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा गावावर यायला सुमारे अडीच तास लागले. अडीच तासांत माणूस पायी चालत उंचावर जाऊ शकतो. पण गाव हलवा, असे ठाम सांगणारा निरोप गावात वेळेवर फिरला नाही. सुमारे २३ हजार माणसे गेली.

गावोगाव माहिती पोचवण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे. म्हणून मेरापी आणि आर्मेरो ही दोन नावे मला शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिल्या ठिकाणी दिसलेली गोष्ट माणसांपर्यंत पोचली. दुसऱ्या ठिकाणी नकाशा कागदावरच राहिला.

आपल्याला याचा उपयोग काय?

ज्वालामुखी आपल्या दारी नाही, पण ढगाआडून येणारे संकट आपल्या ओळखीचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ भागात काय केले ते आपण विसरलेलो नाही. उभी पिके पाण्यात गेली, कित्येक ठिकाणी माती खरडून गेली. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते, तेव्हा साधे छायाचित्र घेणारा उपग्रह आंधळा होतो. रडार तेव्हाही पाहते. शांत पाणी आरशासारखे सपाट असल्याने तिरप्या लहरी पलीकडे निसटून जातात आणि रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते. खडबडीत जमीन, ऊस, केळीची बाग उजळ दिसते. यावरून कोणता शिवार पाण्याखाली आहे याचा नकाशा काही तासांत बनू शकतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुरात हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने असे नकाशे तयार केले होते.

आपल्या देशानेही यात चांगली मजल मारली आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने विमानातून नेण्याचे रडार बनवले. २०१७ पासून आपल्या देशात त्याच्या फेऱ्या झाल्या, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते नासाच्या विमानात बसवून अमेरिकेतही उडवले. त्या अनुभवावर 'इस्रो' आणि 'नासा' यांनी मिळून 'निसार' नावाचा रडार-उपग्रह तयार केला. ३० जुलै २०२५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. दर १२ दिवसांनी तो त्याच वाटेवर परत येतो. त्यावर दोन रडार आहेत, एकाची लहर वीतभर आणि दुसऱ्याची चार बोटांची. त्याच्या कामांत ज्वालामुखी, भूकंप आणि दरडी यांबरोबर पिके आणि जमिनीतील ओल यांचाही समावेश आहे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा लहरी जास्त परतवते, म्हणून ओलीचा अंदाज घेता येतो. आपण ढेकूळ मुठीत दाबून वाफसा पाहतो, तेच काम तो आकाशातून करू पाहतो. भूजल बेसुमार उपसल्याने जमीन खचत असेल तर तेही याच रीतीने कळते.

मात्र यंत्राच्या मर्यादा ओळखून असावे. उसाच्या दाट पिकाखाली गुडघाभर पाणी असले तर ते दरवेळी कळेलच असे नाही. गुळगुळीत डांबरी रस्ता किंवा सपाट मोकळे रानही चित्रात काळसर दिसते. बांधाबांधाचा हिशेब जमिनीवर जाऊनच करावा लागतो. तेव्हा आकाशातला डोळा आला म्हणून पंचनाम्याची गरज संपली, असे कोणी समजू नये.

घरी करण्याजोगे

सबब, पुढील चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्याव्यात.

पहिली, आपल्या गटाचे पीक हंगामात वेळेवर ई-पीक पाहणीत नोंदवावे. आकाशातून पाणी दिसले, तरी त्याखाली कोणाचे कोणते पीक होते हे नोंदीवरूनच ठरते.

दुसरी, नदीकाठच्या वस्तीने पुराच्या वेळी जनावरे कोणत्या उंचवट्यावर न्यायची, दावी कोण सोडणार, वैरण कोठे ठेवायची हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवावे. ऐन वेळी गुरांसाठी माघारी फिरण्याची पाळी येऊ देऊ नये.

तिसरी, नुकसान झाल्यास पाणी ओसरण्यापूर्वी आणि ओसरल्यावर, बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण येईल असे फोटो मोबाईलवर काढून ठेवावेत. नकाशाला ते पूरक ठरतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. धरणातून पाणी सोडल्याचा किंवा अतिवृष्टीचा इशारा ज्याच्या मोबाईलवर येईल त्याने तो वाचून गप्प बसू नये. ज्या म्हातारीकडे मोबाईल नाही, जो सालगडी मळ्यात एकटा झोपतो, ऊसतोडीला आलेली जी टोळी ओढ्याकाठी पाल ठोकून राहिली आहे, त्यांच्यापर्यंत तो निरोप कोण नेणार, हे प्रत्येक वस्तीवर नावानिशी ठरलेले असावे. यंत्राने जे दिसायचे ते आता दिसू लागले आहे. शेवटच्या घरापर्यंत निरोप नेण्याचे काम गावानेच करायचे आहे, आणि त्याची तयारी मृगाच्या आधी झाली पाहिजे.